पाचव्या दिवशी अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे कोविड नाही असे समजावे का?

प्रश्न (पुणे, सप्टेंबर २०२०)
माझ्या ६२ वर्षांच्या आईला शनिवारपासून कणकण, घशात खवखव आणि कोरडा खोकला आहे. काल मी आमटीला हिंगाची फोडणी दिली, तेव्हा शेजारी उभी असूनही तिने हिंग घातला का, असे मलाच विचारले. नाक मात्र चोंदलेले नाही. आज, पाचव्या दिवशी, रक्ताची आयजीजी अँटिबॉडी चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. बाबांना मधुमेह आहे. या अहवालावर विसंबून दोघांना एकाच खोलीत राहू द्यावे का?

प्रतिसाद १
मी प्रयोगशाळेत काम करते. कृपया विसंबू नका. आयजीजी प्रतिपिंडे (म्हणजेच अँटिबॉडी, विषाणूशी लढण्यासाठी शरीर तयार करते ती प्रथिने) रक्तात मोजण्याइतकी तयार व्हायला लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे पाचव्या दिवशी लागण झालेल्या माणसाचीही ही चाचणी बहुधा निगेटिव्हच येते. आपल्याच पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये पाच प्रभागांत जे सर्वेक्षण झाले आणि ज्यात ५१.५ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली, त्यासाठी ही चाचणी योग्य होती, कारण तिथे पूर्वी लागण होऊन गेली का, एवढेच पाहायचे होते. आज विषाणू शरीरात आहे का, हे नाका-घशातील स्रावाच्या आरटी-पीसीआरवरून कळेल. कोणी झटपट अँटिजेन चाचणी सुचवली आणि ती निगेटिव्ह आली, तरी लक्षणे असल्यामुळे आरटी-पीसीआर करावीच लागेल.

प्रतिसाद २
मी फिजिशियन आहे. नाक मोकळे असताना अचानक वास जाणे, हे लक्षण मी सध्या फार गांभीर्याने घेतो. पावसाळ्यात फ्लू आणि डेंग्यूचाही ताप असतो, म्हणून केवळ लक्षणांवरून शिक्का मारू नये. परंतु अहवाल येईपर्यंत आईंना कोविड आहे असे धरूनच आजपासून वेगळ्या खोलीत ठेवा आणि बाबांनी मास्क वापरावा. दिवसातून तीन-चार वेळा ऑक्सिमीटर लावा (बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको). आईंना झेपत असेल तर सहा मिनिटे घरातच चालवून पुन्हा मोजा. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीनहून अधिक अंशांनी उतरला, तर दम लागत नसला तरी रुग्णालय गाठा. काहींचा ऑक्सिजन दम न लागताही उतरतो, आणि आजार बळावतो तो बहुधा दुसऱ्या आठवड्यात. म्हणून ताप गेला तरी मोजणे थांबवू नका.

प्रश्नकर्ती
आपले दोघांचे मनापासून आभार. काल स्वॅब दिला, अहवाल पॉझिटिव्ह आला आहे. ऑक्सिजन ९७ आहे, चालल्यावर ९६. बाबांना काल रात्रीच वरच्या मजल्यावर हलवले. त्यांचीही चाचणी उद्या आहे. आई बरी झाल्यावर अँटिबॉडी चाचणी पुन्हा करावी का?

प्रतिसाद २
उपचारांसाठी तिची गरज नाही. तो खर्च वाचवून बाबांसाठी दुसरा ऑक्सिमीटर घ्या, आणि त्यांची साखर रोज तपासा.