घरच्या वर्कशॉपमध्ये दुसरी टेबल सॉ: ठेवावी की विकावी?

पटाशी:
आतेभाऊ बंगळुरूला राहायला गेला आणि त्याची १० इंची टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत) माझ्याकडे आली. माझी एक आहेच, आणि जागा १० बाय १४ फुटांचं गॅरेज. घरचे म्हणतात, विकून टाक. मला माझ्या जुनीवर डॅडोची पाती (रुंद खाच पाडणारा पात्यांचा संच) कायमची चढवून ठेवायचीत. कपाटाच्या फळ्यांना खाचा पाडताना ब्लेडमागची रायव्हिंग नाइफ (चीर उघडी ठेवणारा पातळ पत्रा) काढावी लागते. खाचा झाल्या की साधं ब्लेड आठवणीने चढतं, नाइफ राहून जाते. गेल्या महिन्यात तसंच झालं. सागाची पट्टी चिरत होतो, चीर मिटली, मागच्या दातांनी पट्टी उचलली आणि ती माझ्या कमरेजवळून जाऊन शटरवर आदळली. पत्र्याला पोचा पडलाय. एका मशीनची नाइफ कधीच निघू नये, यासाठी दुसरं मशीन हवं.

वाकस:
लागलं नाही ना कुठे? तरी मी विकाच म्हणेन. ८ बाय ४ ची प्लाय चिरायला पुढे ८ आणि मागे ८ फूट लागतात, म्हणजे तुम्ही आत्ताच शटर उघडून कापत असणार. त्यात आणखी एक मशीन? अडचणीत माणूस वाकडा उभा राहतो, आणि धोका तिथेच असतो. शिवाय पातं बसतं तो शाफ्ट बघा. हलक्या मशीनचा आखूड असतो, डॅडो बसवल्यावर नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. खाचा राऊटरने (फिरत्या बिटने लाकूड कोरणारं हातातलं मशीन) पाडा. १८ मिमीची प्लाय बऱ्याचदा पुरती १८ भरत नाही. १२ मिमीच्या बिटने दोन फेऱ्या मारल्या की हवी ती रुंदी मिळते.

पटाशी:
शाफ्ट मोजलाय, १३ मिमी रुंदीपर्यंतची डॅडोची पाती नीट बसतात. मीही दोन फेऱ्या मारेन. जागेचं म्हणाल तर जुनी नवीच्या मागेच ठेवलीये, पायांना ठोकळे लावून उंची एक केली. पाती खाली उतरवली की चिरलेली प्लाय तिच्यावरच येऊन टेकते. पूर्वी तिथे स्टूल आणि मुलगा लागायचा.

गुण्या:
हे उत्तम. फक्त मागच्या मशीनचा प्लग काढूनच ठेवा, सरकती प्लाय स्विच दाबू शकते. डॅडो नको वाटला तर शाफ्टवर १० इंची सँडिंग डिस्क बसते. फोटोफ्रेमचे ४५ अंशांचे कोपरे मी तिच्यावरच जुळवतो. हलका हात ठेवायचा, नाहीतर लाकूड जळतं.

वाकस:
टेबल म्हणून ठेवा, पटलं. गुण्यांची डिस्कही चालेल. डॅडोला मात्र माझा विरोध कायम. तिथे गार्ड नसतो आणि फळी हाताने दाबत न्यावी लागते. राऊटर चालवताना दोन्ही हात मुठींवर असतात.