पट भरला, पण वाचता येतं का?

कोपरखैरणेकर

गेली दोन वर्षं दर शनिवारी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या वस्तीतल्या एका शाळेत मुलांचं वाचन घ्यायला जातो. तिथे पाचवीतली एक मुलगी आहे. वर्षभरात तिचे चार खाडे. वही उघडली की बघत राहावं अशी: फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं, एक काना इकडचा तिकडे नाही. मागच्या शनिवारी तिला तिच्याच वहीतलं वाचायला सांगितलं. 'प्रश्न' या शब्दावर अडली. मग शेजारी उघड्या असलेल्या पुस्तकातल्या चित्राकडे पाहिलं. चित्रात विहीर होती. बोट वहीतल्या ओळीवरून फिरवत ती म्हणाली, "विहिरीवर बाई पाणी भरते." वहीत असं वाक्यच नव्हतं. पाच वर्षं ती अक्षरं लिहीत नव्हती, काढत होती.

ही मुलगी शाळाबाह्य नाही. कुठल्याही तक्त्यात ती 'शिकणारी' म्हणूनच मोजली जाणार. 'असर' या खेड्यांतल्या मुलांचं शिक्षण तपासणाऱ्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात ६ ते १४ वयाची ९८ टक्के मुलं शाळेत दाखल आहेत, पण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या १०० पैकी जेमतेम २३ मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो. पाहणी खेड्यांची आहे, तरी मी दर शनिवारी बघतो ते फारसं वेगळं नाही.

माझं म्हणणं असं. मुलांना शाळेत आणायचं काम बहुतांशी झालं. आता पुढची दहा वर्षं पैसा आणि माणसं पहिली ते तिसरीवर लावा. शाळेतला सगळ्यात चांगला शिक्षक पहिलीला द्या. रोज दोन तास इयत्ता बाजूला ठेवून मुलांना वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवा. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने हे अनेक राज्यांत केलंय आणि मुलं वाचायला लागलीत. आणि बोलायला जड जातं, पण २० पेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवा. एका शिक्षकाने चार इयत्ताही सांभाळायच्या आणि ऑनलाइन माहितीही भरायची, मग शिकवायचं कधी?

मुरबाडचा मास्तर

तुमच्या त्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण शेवटच्या मुद्द्यावर गप्प बसवत नाही.

माझ्या शाळेचा पट १७. दोन पाडे, मध्ये ओढा. मोठी शाळा साडेतीन किलोमीटरवर. २०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे कमी पटाच्या शाळा एका मोठ्या शाळेत मिळवण्याचा, विषय निघाला तेव्हा पाड्यावरच्या बायका शाळेच्या ओट्यावर येऊन बसल्या होत्या. त्यांचा प्रश्न एकच होता: पावसाळ्यात सहा वर्षांच्या पोरीला ओढ्यापलीकडे कोण नेणार? वाहतूक भत्ता कागदावर मिळेल, पण ओढ्याला पाणी आल्यावर गाडीच येत नाही. मुलाला पाठवतील. मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहील. आणि ती गळती कुठल्याही तक्त्यात दिसणार नाही, कारण तिचं नाव मोठ्या शाळेच्या हजेरीपटावर चढलेलं असेल. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत शाळा, हे उगाच घातलेलं नाही.

'आणायचं काम झालं' हेही मला मान्य नाही. आमच्याकडची कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. जानेवारीत पटावर १७ आणि समोर ८. एके काळी ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवर भोंगाशाळा चालायच्या, कामगारांच्या झोपड्यांमध्येच. आता शिक्षण हमी कार्ड हातात देतो, म्हणजे जातील तिथल्या शाळेत मुलाला बसता यावं. ते कार्ड भट्टीजवळच्या शाळेत दाखवायला वेळ काढायचा कोणी, बापाने की आईने?

ऐरोलीची आई

मास्तर, तुमचा ओढा समजला. पण शहरात शाळा पायाखाली आहे आणि तरी ओस पडतेय. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दिघ्याला राहतात. घरापासून चार मिनिटांवर फुकट शाळा, पुस्तकं फुकट, खिचडी मिळते. तरी त्या महिन्याला १,२०० रुपये भरून मुलाला चाळीतल्या दोन खोल्यांच्या इंग्रजी शाळेत घालतात. "तिकडे शिकवतात तरी," एवढंच म्हणाल्या. तिथे खरंच शिकवतात का, हे त्यांना तपासता येत नाही, आणि ते मला जास्त लागतं.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित गटांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा राखून ठेवल्यात. माझ्या मुलाला त्या कोट्यातून सोडतीत प्रवेश मिळाला, शेजारणीच्या मुलाला नाही. दोघांचं वय सारखं, इमारत एकच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना या कोट्यातून सूट दिली होती. उच्च न्यायालयाने जुलैत तो बदल रद्द केला, म्हणून सोडत तरी उरली. पण मुलाला वाचता येणं चिठ्ठीवर का अवलंबून असावं? म्हणून माझं मत कोपरखैरणेकरांच्या बाजूने. आहे त्या शाळा चांगल्या करा, पट आपोआप येईल.

जुनं ठाणं

'आधी दर्जा, मग सगळे' हा युक्तिवाद फार जुना आहे, म्हणून सांभाळून वापरा. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी अशाच विचाराविरुद्ध तक्रार मांडली: रयतेच्या करातून पैसा गोळा होतो आणि खर्च मूठभर वरच्यांच्या उच्च शिक्षणावर होतो, ते झिरपत खाली येईल या आशेवर. त्यांनी मागणी केली ती निदान १२ वर्षांपर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची, आणि त्याच निवेदनात शिक्षक चांगले हवेत, पगार बरा हवा, हेही सांगितलं. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक १९११ चं, पुढच्याच वर्षी फेटाळलं गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायदा केला, सगळी तयारी होईपर्यंत वाट पाहिली नाही. थांबले असते तर आपल्यापैकी किती जणांचे आजोबा निरक्षर राहिले असते?

कोपरखैरणेकर

जुनं ठाणं, थांबा असं मी म्हणत नाही. पण तयारीशिवाय दरवाजे उघडले की काय होतं तेही बघा. आफ्रिकेतल्या मलावीने १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं. वर्षभरात पट साधारण १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेला. घाईने हजारो शिक्षक घेतले, बहुतेकांचं प्रशिक्षणच झालेलं नव्हतं. शंभर-शंभर मुलांचे वर्ग झाडाखाली भरले. मुलं आली, शिकली नाहीत, आणि पहिल्या दोन इयत्तांतच पुष्कळ जण पुन्हा गळाली. न शिकवणारी शाळा आलेल्या मुलालाही टिकवत नाही.

मास्तर, ओढ्याचं मात्र मला माहीत नव्हतं. २० च्या खालच्या सरसकट शाळा मिळवा, हे वाक्य मी मागे घेतो. शहरात भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन ओस शाळांपुरतं ते ठेवतो.

ऐरोलीची आई

मी नाही मागे घेणार. १७ मुलांना एक शिक्षक आणि शेजारच्या वस्तीत ६० मुलांनाही एकच, हे किती वर्षं चालवायचं? कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक लिहिलंय. पैसा मोजकाच असेल तर कोणाला तरी कमी मिळणारच. ते नेहमी शहरातल्या वस्तीतल्या पोरांनीच का सोसायचं?

मुरबाडचा मास्तर

ताई, ६० चं ३० करायला शिक्षक भरा. त्यासाठी माझे १७ कशाला मोडता? केंद्र सरकारच्या कोठारी शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर करा म्हटलं, तिथवर आपण अजून पोचलो नाही. मागायचं तर ते मागू. आपसात पाडा विरुद्ध झोपडपट्टी करून दोघांच्याही हाती काही लागणार नाही.

कोपरखैरणेकर, पातळीप्रमाणे बसवणं आम्हाला नवीन नाही. चार इयत्ता एका खोलीत असल्या की वेगळं काही करताच येत नाही. तिसरीतली पोरगी पहिलीतल्याला वाचून दाखवते आणि दोघंही शिकतात.

त्या मुलीसाठी एक सुचवतो. येत्या शनिवारी वही आणि पुस्तक दोन्ही मिटून ठेवा. ती जे बोलली तेच फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा: विहिरीवर बाई पाणी भरते. वाक्य तिचं स्वतःचं आहे आणि त्यात एकही जोडाक्षर नाही. तिलाच एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचू द्या. मग 'बाई' पुसा आणि तिथे तिच्या आईचं नाव लिहायला सांगा.