‘ओळख पडताळणी’ की ‘प्रमाणीकरण’? टॉमकॅटच्या मराठी पुस्तिकेसाठी शब्द हवे आहेत

प्रश्न

दादरमधील एका पतपेढीच्या संगणक विभागासाठी टॉमकॅट या जावा-आधारित वेब सर्व्हरच्या दोषनिवारणाची मराठी पुस्तिका तयार होत आहे. सभासदांची नावे, पासवर्ड आणि भूमिका डेटाबेसमधील टेबलांत ठेवलेल्या असून टॉमकॅट त्या डेटासोर्सरेल्ममार्फत (डेटाबेसशी ताडून प्रवेश ठरवणाऱ्या आपल्या घटकामार्फत) तपासतो. मसुद्यात ‘ऑथेंटिकेशन’साठी (सांगितलेली ओळख खरी का, हे पाहण्यासाठी) ‘प्रमाणीकरण’ आणि ‘ऑथरायझेशन’साठी (कशाची मुभा आहे, हे पाहण्यासाठी) ‘प्राधिकरण’ असे शब्द सुचवले गेले आहेत. ‘अधिप्रमाणन’ आणि ‘साक्षांकन’ हेही पर्याय पुढे आले आहेत. पुस्तिका वाचणारे कर्मचारी काउंटरवरून आलेली तक्रार ऐकून तिचे कारण शोधणार आहेत, हे लक्षात घेऊन कोणते शब्द योग्य ठरतील?

उत्तर

‘प्राधिकरण’ प्रथम बाजूला ठेवावा. मुंबईत हा शब्द वाचला की महानगर प्रदेश विकास प्राधिकरण किंवा म्हाडा आठवते, म्हणजे क्रिया न आठवता संस्था आठवते. ‘साक्षांकन’ कागदाच्या प्रतीचे होते, माणसाचे होत नाही. ‘अधिप्रमाणन’ शासकीय मसुद्यांत शोभतो, परंतु काउंटरवर तो उच्चारला जाण्याची शक्यता कमीच.

राहिला ‘प्रमाणीकरण’. तो चुकीचा नाही, पण मराठीत त्याच्यावर आधीच पुष्कळ ओझे आहे. लेखनाचे प्रमाणीकरण म्हणजे एकसारखेपणा आणणे, मालाचे प्रमाणीकरण म्हणजे दर्जाचा दाखला देणे. त्याहून मोठी अडचण अशी की, आपल्या व्यवस्थेत तपासण्या तीन आहेत आणि हा एकच शब्द तिन्हींवर पसरतो.

पहिली तपासणी डेटाबेस करतो, आणि ती सभासदाची नसून खुद्द टॉमकॅटची असते. टॉमकॅटच्या एक्सएमएल मांडणी फायलीतील रिसोर्स या घटकात लिहिलेले नाव आणि पासवर्ड घेऊन सर्व्हर डेटाबेसकडे जातो. ते नाकारले गेले तर लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींच्या फायलीत), डेटाबेस कोणता यानुसार, मायएसक्यूएलचा १०४५ क्रमांकाचा ‘ॲक्सेस डिनाइड फॉर युजर’ हा संदेश येतो, पोस्टग्रेसचा ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर युजर’ येतो, किंवा ओरॅकलचा ओआरए-०१०१७ येतो. दुसरी तपासणी डेटासोर्सरेल्म (थोडक्यात रेल्म) करतो : सभासदाने दिलेला पासवर्ड टेबलातील नोंदीशी जुळतो का. तिसरी तपासणी त्या सभासदाच्या भूमिकेला मागितलेले पान उघडण्याची मुभा आहे का, याची असते.

घोटाळा पहिल्या दोहोंत होतो. सर्व्हरला डेटाबेसशी जोडणीच मिळाली नाही, तर डेटासोर्सरेल्म लॉगमध्ये जोडणी उघडता न आल्याची नोंद करतो आणि सभासदाला मात्र नुसता नकार कळवतो, त्यामुळे पासवर्ड अचूक टाकणाऱ्या माणसालाही ‘चुकीचा पासवर्ड’ असेच पान दिसते. अशा वेळी ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ एवढेच वाचणारा कर्मचारी सभासदाचा पासवर्ड बदलून देईल, आणि बिघाड जागच्या जागी राहील. म्हणून पहिल्या तपासणीला ‘जोडणीची तपासणी’ आणि तिच्यातील नावाला ‘जोडणी खाते’ म्हणावे. मायएसक्यूएलमध्ये तेच नाव वेगळ्या संगणकावरून आले, तर ते वेगळे खाते मानले जाऊ शकते, हेही याच शब्दाखाली सांगता येईल. पासवर्डमध्ये ‘&’ हे चिन्ह असेल, तर एक्सएमएल फायलीत ते ‘&’ असे लिहावे लागते, ही सूचनाही तिथेच द्यावी.

दुसरीला ‘ओळख पडताळणी’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. ‘ओळख पटणे’ टाळावे, कारण ओळख पटवताना माणूस कोण हे आधी ठाऊक नसते (वृत्तपत्रांनी तर हा प्रयोग बेवारस मृतदेहांना जवळजवळ वाहूनच टाकला आहे). इथे सभासद स्वतःचे नाव आधीच सांगतो आणि ते खरे की खोटे एवढेच ताडून पाहायचे असते. तिसरीला ‘अधिकार तपासणी’ म्हणावे.

मूळ इंग्रजी संज्ञाही या बाबतीत निर्दोष नाहीत. एचटीटीपीमधील (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांतील) ४०१ या उत्तराचे नाव ‘अनऑथराइज्ड’ आहे, पण त्याचा अर्थ ओळख पडताळली गेलेली नाही असा आहे. अधिकार नसल्याचे उत्तर ४०३, म्हणजे ‘फॉर्बिडन’. वेब.एक्सएमएलमध्ये, म्हणजे वेब ॲप्लिकेशनच्या मांडणी फायलीत, ‘ऑथ-मेथड’मधला ‘ऑथ’ ओळखीचा आहे, तर ‘ऑथ-कन्स्ट्रेंट’मधला अधिकाराचा. कर्मचाऱ्यांना हा फरक लोकलच्या उदाहरणाने लगेच समजेल : विनातिकीट सापडलेला प्रवासी ४०१, आणि द्वितीय श्रेणीचा खरा पास घेऊन प्रथम श्रेणीच्या डब्यात बसलेला ४०३. मात्र फॉर्म पद्धतीने, म्हणजे पानावरील चौकटींत नाव आणि पासवर्ड भरून, प्रवेश होत असेल, तर पडताळणी फसल्यावर ४०१ न येता ठरवून दिलेले त्रुटीचे पान उघडते, हे पुस्तिकेत स्पष्ट लिहावे.

वरील उत्तराला पुरवणी

तिन्ही नावे मान्य आहेत, परंतु ‘भूमिका’ या शब्दाबद्दल आक्षेप आहे. मराठीत भूमिका नाटकात वठवतात किंवा सभेत मांडतात. पतपेढीत रोखपाल, लेखापाल, शाखाधिकारी हे हुद्दे असतात, तेव्हा ‘हुद्दा’ का नको?

उत्तर

कारण हुद्दा एका माणसाला बहुधा एकच असतो आणि भूमिका कितीही असू शकतात. भूमिकांच्या टेबलात एकाच सभासदाच्या नावापुढे अनेक ओळी असतात. एखाद्या शाखाधिकाऱ्याला लेखापालाची पानेही पाहायची असतील, तर ‘दोन हुद्दे’ म्हणणे त्याला स्वतःलाच विचित्र वाटेल. ‘भूमिका’ ठेवावी. तिच्यासोबत एक इशारा मात्र द्यावा, की टेबलातील भूमिकेचे नाव आणि वेब.एक्सएमएलमधील नाव अक्षरशः सारखे हवे, इंग्रजी लहानमोठ्या लिपीसह. योग्य पासवर्डनंतरही ४०३ दिसण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

पुन्हा प्रश्न

सूचना स्वीकारल्या आहेत. आणखी एक शब्द अडला आहे. सर्व्हर.एक्सएमएल या टॉमकॅटच्या मुख्य मांडणी फायलीत आमचा रेल्म लॉकआउटरेल्मच्या आत बसवलेला आहे. त्यामुळे लागोपाठ चुका करणाऱ्या सभासदाला काही काळ प्रवेश मिळत नाही. मसुद्यात यासाठी ‘खाते गोठवले’ असे लिहिले आहे. ते चालेल का?

उत्तर

पतपेढीत तर मुळीच चालू नये. ‘खाते गोठवले’ ऐकताच सभासद आपल्या ठेवींची चौकशी करू लागेल, कारण त्या शब्दांना बँकिंगमध्ये कायदेशीर कारवाईचा अर्थ आहे. इथे पैशांच्या खात्याला कोणीही हात लावलेला नसतो, आणि डेटाबेसमध्येही काही बदलत नाही. पाच चुका झाल्या की ३०० सेकंद प्रवेश नाकारायचा, अशी मूळ योजना असते. हे दोन्ही आकडे बदलता येतात. ही नोंद फक्त चालू सर्व्हरच्या स्मृतीत राहते, म्हणून टेबलात शोधून ती सापडणार नाही.

‘तात्पुरता अटकाव’ म्हणावे. अटकाव चालू असताना खरा पासवर्डही नाकारला जातो, पण त्यामुळे मुदत वाढत नाही. चुकीचा पासवर्ड पुन्हा दिला, तर मात्र मुदत नव्याने मोजली जाते. फोनवर सभासदाला ‘पुन्हा पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगण्याची आपल्याकडील सवय इथे नेमकी उलट ठरते, तेव्हा पुस्तिकेत पुढील वाक्य ठळक अक्षरांत छापावे : ‘अटकाव असताना पाच मिनिटे कोणताही पासवर्ड टाकू नये. दरम्यान लॉगमध्ये अटकावाचा इशारा आला आहे की जोडणी उघडता न आल्याची नोंद आहे, ते पाहावे.’