मदत हवी आहे : इम्पॅक्ट फॅक्टर असूनही पेपर धरत नाहीत

त्रस्त_शोधार्थी : पीएचडीचा प्रबंध जमा करायचाय आणि विभाग म्हणतो त्यासाठी लागणारा तुमचा पेपर चालणार नाही. जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा) आहे, मग अडचण काय? पंधराच दिवस उरलेत, लवकर सांगा.

नियमावली : विषय कुठला? नियमातले नेमके शब्द काय? "चालणार नाही" एवढ्यावरून काय सांगणार?

गोगलगाय : आणि इम्पॅक्ट फॅक्टर कोणाचा? क्लॅरिव्हेट या कंपनीचा, की पैसे घेऊन आकडे वाटणाऱ्या भलत्याच कुणाचा?

त्रस्त_शोधार्थी : क्लॅरिव्हेटचाच, १.४. मटेरियल सायन्स. गाईड म्हणाले एससीआय (सायन्स सायटेशन इंडेक्स, निवडक जर्नलांची यादी) हवं.

स्कोपसवाला : सरळ स्कोपसमध्ये टाका. माझे दोन्ही पेपर तिथलेच, कोणी हूं की चूं केलं नाही.

नियमावली : स्कोपस हा जर्नलांची नोंद ठेवणारा डेटाबेस आहे, "तिथे टाकत" नाहीत. स्कोपस एल्सविअर या प्रकाशकाचं, एससीआय क्लॅरिव्हेटचं. तुमच्याकडे चाललं म्हणून त्यांच्याकडे चालेलच असं नाही.

स्कोपसवाला : मदत करायची आहे की शब्दांचा कीस काढायचाय?

टंकभक्त : संदर्भ हाताने टाइप करत बसू नका. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे.

त्रस्त_शोधार्थी : संदर्भांचं कोण विचारतंय??

गोगलगाय : क्लॅरिव्हेटच्या मास्टर जर्नल लिस्टमध्ये आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक) टाकून बघा. नावाने शोधू नका, मिळत्याजुळत्या नावांची जर्नल्स खूप असतात. खाली कुठला इंडेक्स दिसतो?

त्रस्त_शोधार्थी : इमर्जिंग सोर्सेस सायटेशन इंडेक्स.

गोगलगाय : तिथंच घोडं पेंड खातंय. ही ईएससीआय. आहे वेब ऑफ सायन्स या क्लॅरिव्हेटच्या डेटाबेसमध्येच, आणि २०२३ पासून या जर्नलांनाही इम्पॅक्ट फॅक्टर मिळतो, म्हणून गफलत होते. विभागाला बहुधा एससीआयई (एससीआयची विस्तारित यादी) हवं असेल. नुसती "एससीआय" अशी वेगळी यादी आता राहिलेली नाही, नियमांत मात्र तो शब्द अजून फिरतोय. ईएससीआय धरणार का, हे लेखी विचारा.

नियमावली : गाईडचं ऐकलंत, नियम स्वतः वाचलात का?

त्रस्त_शोधार्थी : आत्ता वाचला. "एससीआय किंवा स्कोपस" असं आहे. जर्नल स्कोपसच्या सोर्सेस पानावर सापडलं!

स्कोपसवाला : मी दुसरं काय सांगत होतो?

नियमावली : तुम्ही अंधारात दगड मारलात, तो लागला. समावेशाची वर्षं बघा हो, मध्येच थांबलेलं नाही ना? स्कोपस जर्नल्स वगळतंही.

स्कोपसवाला : हे खरं आहे. माझ्या मैत्रिणीचा पेपर छापून आला आणि सहा महिन्यांत जर्नल वगळलं. छापल्याची तारीख आधीची होती म्हणून निभावलं. पानाची पीडीएफ तारखेसकट आजच काढून ठेवा.

नियमावली : तुमचा छापून आलाय की नुसता स्वीकारलाय?

त्रस्त_शोधार्थी : स्वीकारलाय. डीओआय (लेखाचा ऑनलाइन ओळखक्रमांक) मिळालाय, जर्नलच्या कुठल्या अंकात येणार ते अजून ठरलेलं नाही. नियमात "प्रकाशित किंवा स्वीकृत" आहे. स्कोपसमधल्या समावेशाची वर्षं २०१९ ते आजपर्यंत. पीडीएफ जोडून अर्ज दिला, पण ज्या मॅडम बघतात त्या गुरुवारपर्यंत रजेवर.