जीटीएतली मजा नेमकी कशाची?

निशाचर

परवा भाचा 'ग्रँड थेफ्ट ऑटो' (जीटीए) खेळत होता, तो गुंडगिरीचा व्हिडिओ गेम. घोडा एकोणीस वर्षांचा आहे, लहान नाही. बहीण मागून आली आणि नेमकी त्याच क्षणी याची गाडी फुटपाथवर चढून एक माणूस उडाला. बहीण माझ्याकडे वळून म्हणाली, "हे तूच शिकवलंस ना त्याला?"

हो, मीच. मी जीटीएच्या 'व्हाइस सिटी' या भागाच्या पिढीतला. २००२ चा गेम, ऐंशीच्या दशकातल्या मायामीवर बेतलेलं शहर, गुलाबी दिवे, गाडीत बसलं की रेडिओ सुरू. मिशनं, म्हणजे गेमने दिलेल्या कामगिऱ्या, किती केली ते आता आठवतही नाही. पण पावसात बाइक काढून समुद्राकडेच्या रस्त्याने नुसतं हिंडणं आठवतं. रेडिओवरची ती खोटी जाहिरात संपेपर्यंत गाडीतून उतरायचो नाही.

माझं म्हणणं एवढंच, की आम्ही रक्तासाठी खेळतो हा गैरसमज आहे. रक्त हव्या त्या गेममध्ये मिळतं. इथे एक अख्खं शहर मिळतं आणि त्यात वाटेल ते करून बघायची मुभा मिळते. आणि खरी गंमत पाठलागात आहे. गुन्हा केला की पोलिस मागे लागल्याचा एक तारा पडद्यावर लागतो, मग दोन, मग बोळात गाडी घालून श्वास रोखून बसायचं. १९९७ चा पहिला भाग स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात डीएमए डिझाइनने बनवला. सुरुवातीला त्याचं नाव होतं 'रेस-एन-चेस', साधा गाड्यांच्या पळापळीचा खेळ. पोलिस वेड्यासारखे अंगावर येऊन धडकायला लागले तेव्हा कुठे त्यात जान आली म्हणतात.

तिरकस रेघ

मुभा, मुभा काय करताय? कशाची मुभा, ते बघा ना. जीटीएच्या पाचव्या भागात दुकानात शिरलात तर दुकानदाराशी किती बोलता येतं? फार तर एखादं वाक्य टाकाल. बंदूक रोखली की मात्र तो हात वर करतो, गल्ला उघडतो, पिशवीत नोटा भरतो. बारीक काम कुठे केलंय यावरून कळतं बनवणाऱ्याला तुमच्याकडून काय हवंय. मेलेल्या माणसापाशी पैसे पडतात, ते उचलायचे. ही मोकळी जमीन नाही, उताराची जमीन आहे. पाणी कुठे जाणार ते आधीच ठरलंय.

तुमच्या 'व्हाइस सिटी'च्याच वर्षी 'माफिया' हा दुसरा गेम आला होता. त्यात सिग्नल तोडला की पोलिस थांबवून दंड करायचे. म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं.

निशाचर

'माफिया'! त्यात वेगमर्यादा पाळायचं वेगळं बटण होतं, ते दाबून आम्ही मुंगीच्या चालीने जात असू. आदर्श नागरिक. पुढच्या सिग्नलपर्यंत डोळा लागायचा.

उताराचा मुद्दा मात्र मान्य. पण माणूस चिरडून कथा पुढे सरकते का? नाही. गेम ते करायला सांगत नाही.

तिरकस रेघ

कथा सरकत नाही आणि अडतही नाही, दुखणं तेच आहे. दहा माणसं मारा, वळसा घालून या, रस्ता स्वच्छ. तुम्ही मेलात तरी हॉस्पिटलच्या दारात उभे, खिशातून थोडे पैसे कमी. त्या शहराला काही आठवतच नाही. जीटीए काढणाऱ्याच रॉकस्टार कंपनीने २०१८ मध्ये 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा गेम काढला. त्यात तुमच्या वागण्याची नोंद राहते, लोक त्याप्रमाणे वागतात. जमतं त्यांना. इथे नको होतं.

आणि बायकांचं काय? पाचव्या भागात खेळता येतील असे तीन नायक, तिघेही पुरुष. बायका एक तर कटकट्या, नाही तर क्लबात नाचणाऱ्या. डिसेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात टार्गेट आणि केमार्ट या साखळ्यांनी गेम विक्रीतून काढला. त्यामागची याचिका अत्याचार सोसलेल्या बायकांची होती, कुठल्या संस्कृतिरक्षकांची नव्हे.

कोरा कागद

वादाबद्दल एक आठवण करून देतो. १९९७ मध्ये पहिला भाग यायच्या आधीच ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये त्यावर चिंता व्यक्त झाली होती. प्रकाशकांनी मॅक्स क्लिफर्ड नावाचा प्रसिद्धीवाला नेमला होता, बोंब वाढवायला. म्हणजे बोंब हीच जाहिरात. पाचव्या भागाने २०१३ मध्ये पहिल्या तीन दिवसांत १ अब्ज डॉलरची विक्री केली. आपणही इथे फुकट हातभार लावतोच आहोत.

मोजपट्टी

हे खेळून पोरं गुंड होतात का, हा प्रश्न अजून कोणी काढला नाही, पण काढतीलच. म्हणून आधीच सांगते. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलामुलींचा अभ्यास केला. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांत त्यांना संबंध सापडला नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, अल्पवयीनांना हिंसक गेम विकायला बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला.

तिरकस रेघ

अर्धवट सांगू नका. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये म्हटलं, की प्रत्यक्ष हिंसेशी संबंध जोडायला पुरावा अपुरा आहे. पण आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी लहानसा संबंध दिसतो, हेही त्यातच आहे.

मोजपट्टी

आहे. 'लहानसा' हा शब्दही त्यातच आहे. ढकलाढकली तर घरात रिमोटवरूनही होते.

सहावा तारा

मी जीटीएचा भक्त. सगळे भाग दोनदा-तीनदा संपवलेत. तरी पाचव्या भागातलं ते छळाचं मिशन मला पचलेलं नाही.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी: एक माणूस खुर्चीला बांधलेला आहे. समोर टेबलावर पक्कड, पाना, विजेचे चिमटे, पाण्याचा कॅन. आपण ट्रेव्हर, तीन नायकांतला एक. हत्यार आपण निवडायचं. पक्कड घेतली तर दात नुसता निघत नाही, कंट्रोलरची दांडी आपल्या अंगठ्याने फिरवावी लागते. हृदय बंद पडायला लागलं की इंजेक्शन देऊन त्याला परत आणायचं, कारण चौकशी संपलेली नाही. आणि तो बिचारा पहिल्यापासून बोलायला तयार आहे! मी कंट्रोलर खाली ठेवला आणि थोडा वेळ तसाच बसलो. वाटेत कोणी गाडीखाली आलं तर ते माझं. हे मात्र माझ्याकडून करून घेतलं.

निशाचर

पण पुढचं सांगा ना. नंतर ट्रेव्हर त्यालाच गाडीत घालून विमानतळावर सोडतो आणि वाटेत सांगतो, की छळाने माहिती मिळत नसते. पूर्ण मिशन अमेरिकी सरकारी यंत्रणेवरचा टोमणा आहे. हात तुमचे वापरले म्हणूनच तो बोचतो.

सहावा तारा

टोमणा कळला हो. पण टोमण्याचं भाषण नंतर येतं, पक्कड आधी.

कोरा कागद

तसं तीनदा हरलात की गेम अडलेला भाग ओलांडू देतो.

सहावा तारा

आणि हरायचं कसं? तर खुर्चीतला माणूस मेला की. धन्यवाद.

भिंगरी

तुम्ही सगळे रक्तात अडकलात. जीटीए ऑनलाइनमध्ये खऱ्या पैशांनी शार्क कार्ड घ्यायचं, त्याने खेळातले पैसे मिळतात. २०१९ मध्ये त्यात कॅसिनोही उघडला. काही देशांत चिप्सचा, म्हणजे जुगाराच्या सोंगट्यांचा, भाग बंदच ठेवावा लागला. खोट्या बंदुकीपेक्षा मला त्या खऱ्या खिशाची काळजी वाटते. गेमवरचा १८ चा, म्हणजे वयोमर्यादेचा, आकडा मुलं वाचतात, आईबाप नाही.

निशाचर

भिंगरीताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी ऑनलाइन खेळत नाही.

तिरकस रेघ, तुम्ही म्हणता त्या शहराला आठवत नाही. एक राहिलं सांगायचं. 'व्हाइस सिटी'त रुग्णवाहिका मिळते. तीत बसून मिशन सुरू करायचं आणि घड्याळाच्या आत रुग्ण हॉस्पिटलात पोचवायचे. पहिल्या फेरीत एक, दुसरीत दोन, असं बाराव्या फेरीपर्यंत, आणि सगळं एका दमात. गाडीत एका वेळी तीनच मावतात आणि जरा वळण चुकलं की ती आडवी होते. बाराव्या फेरीत शेवटच्या रुग्णाला आत घेताना माझे तळहात ओले झाले होते. बाराही वाचवले की नायक न थकता कितीही पळू शकतो. अख्ख्या गेममध्ये इतका घाम मला कुठल्या खुनाने फोडला नाही.

तिरकस रेघ

वा. आणि त्या बारा जणांकडे पोचताना वाटेत किती चिरडले?

निशाचर

त्यातला एक तर रुग्णच होता. फेरी पहिल्यापासून करावी लागली.