‘भिडू’ हा शब्द कुणाचा?

ठाणेकरीण: परवा ऑफिसात डबा खाताना वाद झाला. लखनौचा सहकारी म्हणे, भिडू हा मुंबईच्या हिंदीतला शब्द, जॅकी श्रॉफमुळे आलेला. माझी आजी पेणला पत्ते खेळताना हा शब्द रोज वापरायची, आणि तिने जॅकीचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. त्याला काही पटेना. शब्दाची नीट फोड सांगाल का कुणी?

चिपळूणचा: अस्सल मराठी आहे हो ताई. भिडणे या क्रियापदाला ‘ऊ’ लागला. उतरणारा उतारू, तसा भिडणारा भिडू. आणि भिडणे म्हणजे नुसती मारामारी नव्हे. दाराची फळी फळीला भिडते, सूर काळजाला भिडतो. अंगाला अंग लागणं हा त्यातला गाभा.

आमच्या आळीत लगोरीला भिडू पाडायचे ते अजून डोळ्यांसमोर आहे. दोन कप्तान बाजूला उभे. बाकीच्यांनी तोडीस तोड जोड्या करायच्या, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून विहिरीपर्यंत जायचं आणि कानात नावं ठरवायची. परत येऊन विचारायचं, “आंबा घेणार का फणस?” कप्तान मागेल तो त्याचा भिडू, उरलेला दुसऱ्याचा. एखादं धाकटं पोर उरलं तर ते कच्चं लिंबू.

शेजारचा मुलगा आणि मी सारखेच हडकुळे, म्हणून जोडी कायम आमचीच. परिणाम असा की सगळ्या शाळकरी वर्षांत आम्ही दोघं एकदाही एका बाजूने खेळलो नाही. एका संध्याकाळी त्यासाठी मी रडलोही होतो.

गिरगावकर: सहकाऱ्याचं अगदीच चूक नाही. चाळीत मराठी, गुजराती, हिंदी बोलणारी पोरं एकत्र खेळायची, तिथून हा शब्द मुंबईच्या हिंदीत गेला. तिथे खेळ सुटला आणि ‘दोस्त’ एवढाच अर्थ राहिला, हाक मारण्यापुरता. जॅकी श्रॉफ तीन बत्तीच्या चाळीत वाढलेला, त्याच्या तोंडी तो सहज बसला आणि देशभर गेला. मे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात त्याने आपलं नाव, आवाज यांच्या परवानगीवाचून होणाऱ्या वापराविरुद्ध दाद मागितली, त्यात ‘भिडू’सुद्धा होता. मला ते खटकलं. शब्द त्याने लोकप्रिय केला हे मान्य, पण तो सगळ्या गल्लीचा आहे.

ठाणेकरीण: चिपळूणच्या दादा, आंबा-फणस वाचून गलबलून आलं. आमच्याकडे चंद्र-सूर्य होते. आजी मेंढीकोट खेळायची, तिथे भिडू शेजारी नाही, समोर बसतो. मी आठ वर्षांची असताना तिचा हात होत असताना उगाच हुकूम मारला. तिने पानं खाली ठेवली आणि म्हणाली, “अगं, भिडूचा हात होतोय तो होऊ दे की!” उद्या डब्याच्या वेळी हाच किस्सा त्याला सांगते, आणि पत्त्यांचा जोडही नेते.