‘आजीचं सोनं झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या वाड्यात शेजारच्या काकू दुपारी पोरांना गोळा करून गोष्टी वाचून दाखवायच्या. त्यातली एक अर्धीच आठवते. आजी फुलवाती वळत बसलीय. बोटाला दूध लावायचं, कापसाचं टोक पिळायचं, वात ताटलीत ठेवायची. मध्येच नातीला म्हणते, माझी फणेरपेटी आण गं. नात पेटी घेऊन येईतो आजी भिंतीला टेकून गेलेली. हातात शेवटची वात, टोक न पिळलेली. शेवटचं वाक्य ‘आजीचं सोनं झालं.’ मी सात वर्षांचा. रात्री आमच्या झोपलेल्या आजीचा हात चाचपून आलो, पिवळा-बिवळा झालाय का बघायला!

गोष्ट कुणाला माहितीये का? आणि ‘सोनं होणे’ म्हणजे नुसतं सुखाचं मरण का?

प्रतिसाद १
ढोबळमानानं हो. पिकलं पान, ना आजार ना अंथरूण, हातीपायी धड असताना गेली की म्हातारीचं सोनं झालं. खितपत पडून गेली तर ‘सुटली’. यांची अदलाबदल करून बघा, घरच्यांना लागेल. शिवाय ‘होणे’च हवं. संधीचं सोनं माणूस करतो, मरणाचं होतं.

प्रतिसाद २
‘किशोर’चे जुने अंक चाळा. १९७१पासून निघतंय, बालभारतीनं नेटवर ठेवलेत.

प्रतिसाद ३
गोम फणेरपेटीत आहे. त्यात आरसा, कंगवा, मेण, कुंकू. जुन्या काळातली विधवा ती कशाला मागेल? म्हणजे आजी सवाष्ण. मग इथलं सोनं म्हणजे अहेव मरण, भरल्या कपाळानं जाणं. अहेव हा शब्द ‘अविधवा’वरून आलाय. शांतपणे गेली हे खरंच, पण त्या घरातल्या बायकांच्या लेखी सोनं झालं ते कुंकवामुळं. हे मला पटतं असं नाही हं. आजोबा आधी गेले असते तर त्यांचंही सोनंच म्हणाले असते, पण वयाकडं बघून. बायको मागं आहे की नाही, हे कुणी विचारलं नसतं.

प्रतिसाद ४
आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, तेलुगू बोलणारे. घरात तेलुगूत मुत्तैदुव, शेजारी कानडीत मुत्तैदे, अर्थ सवाष्णच. आमची आजी मराठी बोलतानासुद्धा ‘मुत्तैदुव म्हणून गेली की’ म्हणायची. लिंगायतांकडं लिंगैक्य म्हणतात, पण ते कुणाच्याही मरणाला. कसं गेलं ते त्यातून कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
‘किशोर’ची चार वर्षं चाळली, अजून सापडली नाही. पण प्रतिसाद ३ वाचून बसल्या जागी एक आठवलं. गोष्टीत आजोबा होते! बाहेर ओट्यावर सुपारी कातरत बसलेले. नात पेटी टाकून त्यांच्याकडं धावते आणि तोंडातून शब्द फुटत नाही. काकू इथं वाचता वाचता थांबायच्या आणि जिभेनं टक् टक् असा अडकित्त्याचा आवाज काढायच्या. दोनदा. तिसऱ्यांदा काढायच्या नाहीत.

आता अडकित्ता शोधतोय.